दोन गुंठे काळं रान: आधी पाणी बाहेर काढा, मग भाजी लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत धामणी रस्त्याला दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. माती काळीभोर, बोअरचं पाणी जरा मचूळ. घर बांधायला अजून चार-पाच वर्षं आहेत, तोवर घरापुरती भाजी आणि थोडी फळझाडं करायची तुम्हा दोघांची इच्छा आहे. प्लॉट तीन वर्षं पडीक होता. गेल्या मृगाला टोमॅटो, मिरची, वांगी, कोथिंबीर, पपई असं सगळं एकदम लावलं. जुलैच्या झडीत पपया बसल्या, टोमॅटो पिवळे पडले, मिरचीला बोकड्या आला, म्हणजे पानं मुरडून वळली. आता वैशाख सरत आलाय आणि तुम्ही विचारताय, यंदा मृगाला काय लावू?

यंदा मृगाला भाजी लावू नका. धैंचा पेरा, तो वाढवून रानातच कुजवायचा, हिरवळीचं खत म्हणून. आणि पाऊस पडायच्या आत रानातलं पाणी बाहेर जाईल अशी सोय करा. कृष्णाकाठच्या काळ्या रानात भाजीचा खरा हंगाम हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर सुरू होतो. त्याआधीचे चार महिने माती तयार करण्याचे आहेत.

कारण समजून घ्या. सांगली-मिरजेकडं पाऊस बेताचाच असतो, शिराळ्यासारखा कोसळत नाही. तरी झाडं पाण्यानंच मरतात. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली उतरतं, मग माती फुगून भेगा मिटतात आणि त्यानंतरचं पाणी वरच राहतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजतात. अशा वेळी झाड काय दाखवतं ते नीट बघा: माती ओली असूनही दुपारी पानं मान टाकतात आणि खालची पानं पिवळी पडायला लागतात. नवखा माणूस पानं सुकलेली बघून आणखी पाणी देतो आणि झाड दोन दिवसांत जातं. पपई तर बुंध्याशी पाणी साचलं की दुसरा दिवस बघत नाही.

धामणी, अंकली, डिग्रज या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. चारी बाजूंनी ऊस, त्याला पाटानं दिलेलं पाणी, त्यामुळं जमिनीखालचं पाणी वर आलेलं. ते पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागं ठेवून जातं. मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत किती जमीन अशी क्षारपड झालीय ते तुम्ही रस्त्यानं जाता-येता पाहिलं असेल, वर पांढरी बुरशी आल्यागत दिसते. तुमच्या प्लॉटवर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो का, ते आत्ताच बघा. दिसत असेल तर निचऱ्याशिवाय तिथं काहीच टिकणार नाही.

आता काम. प्लॉट ३३ बाय ६६ फुटांचा धरतो. चारी कडांनी दीड-दोन फूट खोल चर काढा आणि उताराच्या कोपऱ्यात तो गटाराला किंवा ओढ्याला जोडा. उतार कुठं आहे हे डोळ्यांनी कळत नसेल तर वळवाचा पाऊस पडेपर्यंत थांबा आणि छत्री घेऊन प्लॉटवर उभे राहा. पाणी कुठं धावतं ते तिथं उभ्यानं जेवढं कळेल तेवढं मोजून कळणार नाही. मधल्या जागेत तीन फूट रुंद, एक फूट उंच गादीवाफे करा, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट ठेवा. ही वाटच पावसाळ्यात चर म्हणून काम करते, म्हणून तिचा उतार कडेच्या चराकडे हवा. उत्तरेला झाडांसाठी आठ फुटांची पट्टी सोडली तरी बारा वाफे बसतात. एकदा केलेल्या वाफ्यावर पाय द्यायचा नाही, लहान मुलांनाही तसं सांगून ठेवा. काळी माती पायाखाली दबली की तिची वीट होते.

वाफे करण्याआधी एक काम आहे, ते टाळू नका. तीन वर्षं पडीक म्हणजे रानात हरळी आणि लव्हाळा असणारच. लोक घाईनं रोटाव्हेटर मारून घेतात. रोटाव्हेटर हरळीचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला नवी फूट येते. त्यापेक्षा कुदळीनं खणून ढेकळं उलटी टाका आणि हरळीच्या काशा वेचून काढा. वैशाखाचं ऊन त्या ढेकळांना पंधरा दिवस खाऊ द्या, निम्मं काम ऊनच करतं. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या एका वर्षात संपत नाहीत, पण वर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, जाड थर ठेवला तर त्याचा जोर कमी होतो. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटा आणि हातात मोजे घाला, अनेकांना त्याची अंगावर खाज उठते.

खत घालायच्या आत मातीचा नमुना काढा. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या, सगळी एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत आणा. फळझाडांच्या जागेचा नमुना वेगळा आणि दोन-तीन फूट खोलीपर्यंतचा घ्या. बोअरच्या पाण्याचीही बाटली भरून द्या. मिरज तालुक्यात कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करा. पाणी मचूळ आहे म्हणताय, तर हा तपास फार महत्त्वाचा. घेवडा, गाजर, कांदा ही पिकं क्षाराला सगळ्यांत नाजूक, त्यांचं उत्पन्न लगेच घटतं. बीट आणि चवळी बरंच सोसतात. पाणी खारट निघालं तर कांद्याचा हट्ट सोडा आणि पावसाचं पाणी साठवायला एखादी टाकी बघा.

मृगाचा पाऊस झाला की हळदीचा एक वाफा (त्याबद्दल पुढं सांगतो) सोडून बाकी सगळ्या वाफ्यांवर धैंचा फेका, गुंठ्याला अर्धा किलो बी पुरतं. लोक ताग सुचवतील, तागही चांगला. पण पाणी साचणाऱ्या, क्षाराच्या रानात धैंचाच तग धरतो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तो कमरेपर्यंत येतो आणि फुलायला लागतो. तोच कापायचा दिवस. त्यापुढं थांबलात तर खोड दांडक्यासारखं कडक होतं आणि कुजायला वेळ लावतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की तो जमिनीत गाडा. जुलैअखेर रान ओलं असताना काळ्या मातीत कुदळ घालणं म्हणजे गाळ तुडवणं. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नसेल तर गाडायचा आग्रह धरू नका. कोयत्यानं वीतभराचे तुकडे करून तिथंच वाफ्यावर पसरा. त्यावर पूर्ण कुजलेलं शेणखत टाका, गुंठ्याला दोन-अडीच क्विंटल, आणि त्यात किलोभर ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) आधी कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा. ऑगस्टअखेर उघडीप मिळाली की वरचा वीतभर थर हलका खणून घ्या. गांडुळं किती आलीत ते बघून तुम्हालाच हुरूप येईल.

वाफसा ओळखणं ही या सगळ्या कामातली खरी विद्या आहे. वीतभर खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीतून चिखल आला, हाताला चिकटली, तर रान ओलं आहे, घरी जा. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोकरल्यावर तो चुरून भुगा पडला, तर वाफसा आहे. गोळाच झाला नाही तर पाणी द्यायची वेळ आली. खणणं, पेरणं, खुरपणं, पाणी देणं, सगळं या मुठीवर ठरवा. ठिबक बसवलंत तरी वार ठरवून पाणी सोडू नका. प्रत्येक वाफ्यावर इनलाइनच्या, म्हणजे आतच ठिबकणारी छिद्रं असलेल्या, दोन नळ्या टाका आणि चालू करण्याआधी मूठ बघा. काळ्या मातीला थंडीत फार थोडं पाणी पुरतं.

शेणखताबद्दल एक इशारा. कच्चं शेण रानात आणू नका. आपल्याकडं उसामुळं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, भरपूर आहे आणि तिला कच्च्या शेणाचा उकिरडा फार प्रिय. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. शेजारच्या ऊसवाल्याला बरोबर घेतलंत तर दोघांचाही फायदा. राखही टाकू नका. चुलीची राख चांगली म्हणतात, ते कोकणातल्या आंबट मातीसाठी खरं. आपल्या मातीचा सामू (पीएच) आधीच आठाच्या आसपास असतो, राखेनं तो आणखी वाढतो.

आच्छादनाला मात्र आपल्यासारखी सोय कुठं नाही. कारखाने सुरू झाले की उसाचं पाचट पडून असतं, लोक पेटवून देतात. तुम्ही ते उचलून आणा. वाफ्यावर चार बोटं जाड थर द्या. भेगा पडत नाहीत, मुळं तुटत नाहीत, पाणी कमी लागतं, क्षार वर येत नाहीत. पण पाचट मातीत मिसळू नका, ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं. वरच राहू द्या. गेल्या पावसाळ्यात तुमची रोपं ज्या जागी मेली तिथं पुढच्या मेमध्ये हात घालून बघा, माती वेगळी लागेल.

आता भाजी. ऑगस्टच्या मध्यापासून वांगी, टोमॅटो, कोबीची रोपं टाका, मच्छरदाणीच्या जाळीखाली. हे जाळीचं काम मी मनापासून सांगतो, कारण तुमच्या मिरचीचा बोकड्या बहुतेक रोपासोबतच आला. बोकड्या एकच रोग नाही. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून लांबुळकी झाली असतील तर कोळी ही बारीक कीड. पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल तर झाड खुजं राहून त्याचा झुपका होतो, ते झाड उपटून लांब नेऊन पुरायचं, फवारून सुधारत नाही. रोप लहान असताना कीड लागली तर झाड कायमचं मागं पडतं, म्हणून पहिले तीस-चाळीस दिवस जाळी. लावताना वाफ्यांच्या कडेनं मक्याच्या दोन ओळी पेरा आणि पिवळे-निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला लावा.

फवारणीला निंबोळी अर्क पुरतो, पण नीट केला तर. आपल्याकडं निंबोळ्या जून-जुलैत पिकून पडतात. त्या वेचा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा आणि हवा खेळेल अशा गोणीत ठेवा. फवारायच्या आदल्या दिवशी अर्धा किलो बिया जाडसर कुटून फडक्यात बांधा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडकं पाण्यात दाबून-पिळून पांढरं पाणी काढा, गाळा, दहा लिटर करा, किसलेला साधा साबण थोडा घाला. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं. निंबोळी जुनी झाली की तिचा कडवटपणा जातो आणि उपयोगही, म्हणून दरवर्षीची निंबोळी दरवर्षी वापरा.

पहिल्या वर्षी बारापैकी सहाच वाफे भाजीला घ्या. उरलेल्यांत चवळी किंवा हरभरा टाका, मातीही सुधारते आणि शेंगाही मिळतात. हस्त संपता-संपता वांगी आणि टोमॅटो लावा. कृष्णाकाठच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या, वांग्यांचं भरीत तुम्ही खाल्लं असेलच, तेच बी शेजारच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याकडून मागून घ्या, ही माती त्या वाणाला मानवते. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की आत अळी असते. शेंडा खालपासून खुडून पुरून टाका, दर दोन दिवसांनी हे केलं तर फवारणी फारशी लागत नाही. टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला आफ्रिकन झेंडू लावा, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला तो आवरतो. लसूण ऑक्टोबरअखेर, कांद्याची रोपं पाणी गोडं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात. मेथी, पालक, मुळा यांचं फार काही सांगायचं नाही, एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी अर्धा वाफा पेरत जा. कोथिंबिरीचे धणे चपलेनं हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून पेरा. गाजराचा नाद या मातीत पहिली दोन वर्षं करू नका, ते वाकडं-तिकडं आणि दोन पायांचं निघतं.

फेब्रुवारीत रान रिकामं होईल तशी भेंडी, गवार, दोडका, काकडी. वेलींना मांडव करा, फळ जमिनीला टेकलं की सडतं. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) एक सापळा दोन गुंठ्यांना पुरतो, फळ धरायच्या आधी टांगा.

सांगलीला राहून एक वाफा हळदीचा असलाच पाहिजे, असं माझं मत आहे. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सेलम या वाणाचं गड्डं लावा. गादीवाफ्यावर, निचरा उत्तम असलेल्या जागी, कारण कंदकूज याच पाण्यानं येते. नऊ महिन्यांनी काढणी. कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्रच आहे, बियाण्याबद्दल तिथं विचारता येईल. पावसाळ्यात रानात दुसरं काही नसताना हा एक वाफा हिरवागार दिसतो आणि नागपंचमी-गणपतीत पातोळ्यांना घरची पानं मिळतात.

फळझाडांत पहिला प्रश्न घराचा. बांधकाम कुठं येणार याचा कच्चा नकाशा आधी काढा आणि झाडं कडेच्या मोकळ्या सोडायच्या जागेतच लावा. तयार झालेलं झाड चार वर्षांनी तोडताना जीव तुटतो. दुसरा प्रश्न सावलीचा. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते, आणि भाजीचा आपला मुख्य हंगाम थंडीचाच. म्हणून उंच झाडं उत्तरेच्या पट्टीत. पश्चिमेला एखादं असलं तर उन्हाळ्यात दुपारनंतर भाजीला आधारच होतो. तिसरं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी तुमच्या प्लॉटपाशी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारून घ्या. तिथं पाणी चार-चार दिवस राहिलं असेल तर पपई-शेवग्यावर भिस्त ठेवू नका.

चार-पाच वर्षांत फळ हातात यावं असं बघून मी ही झाडं लावीन. सरदार पेरूची दोन कलमं. पेरू या मातीला आणि थोड्या क्षाराला तग धरतो, तिसऱ्या वर्षापासून खायला मिळतो. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट लगेच काढा. कागदी लिंबाचं एक झाड, साई शरबती किंवा फुले शरबती. लिंबाच्या बुंध्याला पाणी लागलं की डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळतो, म्हणून आळं दुहेरी करा, आतल्या गोल उंचवट्यात खोड कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्याआधी खोडाला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. शेवगा एकच, पीकेएम-१. तीन फुटांवर शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात. न खुडता वाढवला तर काठी घेऊन फिरावं लागतं आणि वाऱ्यात मोडतो. पपई तैवान ७८६ घेतली तर नर-मादीचा प्रश्न येत नाही, पण यंदा जूनमध्ये लावू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात, दीड फूट उंच मातीच्या ढिगावर लावा. चराच्या खालच्या टोकाला, जिथं सांडपाणी येईल तिथं केळीची दोन मुनवं. कढीपत्ता कुठंही.

आंबा तुमच्या मुदतीत बसत नाही आणि भारी काळ्या रानात तो रमतही नाही. तासगावजवळ राहून द्राक्षाचा मोह होतो, पण घरापुरत्या वेलीला बागेइतक्याच फवारण्या लागतात, लहान मुलांच्या घरात ते नको.

लिंबाची, पेरूची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो लोहाचा केवडा. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं मातीत टाकून वाया जातं. शेणखतात मुरवून द्या, किंवा दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून पानांवर फवारा.

तर या आठवड्यात मातीचा आणि पाण्याचा नमुना, मग हरळी वेचणं आणि चर, आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी धैंच्याचं एक किलो बी घरात. तपासणीचा कागद आला की सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे मला कळवा. जिप्सम टाकायचं का आणि टाकायचं तर किती, हे त्यांवरूनच सांगता येईल. तोवर दुकानदारानं कितीही आग्रह केला तरी एक गोणीही आणू नका.